एका फाइलचे दोन धनी

शैलजाबाई म्हेत्र्यांनी चहाचा कप उचलला तेव्हा हेमांगी मुद्दाम पाठमोरी उभी राहिली. खाता-पिताना कुणी टक लावून बघितलेलं आईला खपत नसे. मेंदूत तार बसवल्यापासून सकाळचा हा चहा आई स्वतःच्या हातानं प्यायची, आणि कप बशीवर अलगद टेकल्याचा आवाज पाठीमागून ऐकला की हेमांगीला दिवस चांगला जाणार असं वाटायचं.

आज तो आवाज आला नाही. आधी बशी खणखणली, मग चहा टेबलावरून फरशीवर ठिबकायला लागला, आणि त्याच वेळी आईचं बोलणं ऐकू आलं. हल्लीचं ओठांतल्या ओठांत पुटपुटणं नव्हे, तर विट्याच्या बसस्थानकावर उभी हयात घुमलेला तो खणखणीत आवाज.

"हेमे, फडकं आण आधी. आणि तोंड असं पाडू नकोस, चहाच सांडलाय."

शैलजाबाई एस.टी.त वाहतूक नियंत्रक होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते ध्वनिक्षेपकावरून सांगायचं, हे त्यांच्या कामातलं सगळ्यांत ठळक काम. निवृत्तीनंतर भाजी आणायला गेल्या तरी बायका वळून बघायच्या, "अगंबाई, ही तर फलाटावरची बाई!" म्हणायच्या. पार्किन्सननं पहिल्यांदा त्या आवाजावरच घाला घातला. मग हात थरथरू लागले, मग पाय जमिनीला चिकटू लागले. शस्त्रक्रियेनंतर हात-पाय परत आले, आवाज मात्र खोल विहिरीत गेला तो गेलाच. हेमांगीनं मनाची समजूत घातली होती, की हातपाय चालतात हे काय थोडं झालं?

आणि आता सोमवारपासून हा नवा खेळ सुरू झाला होता. हात स्थिर असले की आवाज गायब, आवाज खणखणीत असला की हात गायब. दोन्ही एका वेळी मिळायचं नाही, आणि कुठलं कधी मिळेल याचाही नेम नाही.

आईच्या मेंदूत मटारच्या दाण्याएवढ्या एका भागात केसासारखी बारीक तार बसवली होती. त्या तारेच्या टोकाशी लहान लहान बिंदू, आणि कुठल्या बिंदूतून किती प्रवाह सोडायचा यावर सगळं अवलंबून. अडचण अशी, की मेंदूत हाताची वाट आणि जिभेची वाट शेजारी शेजारी जातात. वरच्या बिंदूतून जोरदार प्रवाह सोडला तर हात शांत होतो, पण तोच प्रवाह शेजारी सांडतो आणि जीभ जड करतो. प्रवाह कमी करून खालच्या बिंदूकडे वळवला तर जीभ मोकळी होते आणि हात पुन्हा थरथरतो, पायही चिकटतात. चूक कशातच नाही. निवड तेवढी करावी लागते.

ही निवड लिहून ठेवलेली असायची उशाशी ठेवलेल्या एका पेटीत. पेटी म्हणजे मिसळणाच्या डब्याएवढा संगणक, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. छातीतलं यंत्र मेंदूची लय ऐकून पेटीला कळवायचं आणि पेटी क्षणाक्षणाला हिशेब करून किती प्रवाह सोडायचा ते उलट कळवायची. त्या हिशेबाचे नियम एका साध्या फाइलीत होते. कुणीही वाचू शकेल अशा दहा-बारा ओळींची ती कॉन्फिग फाइल, आणि आईचं चालणं-बोलणं त्या ओळींवर उभं होतं.

फरशी पुसून झाल्यावर हेमांगीनं लॅपटॉप उघडला. हा तर तिचा रोजचाच धंदा होता. दूध संघाच्या संकलन केंद्रांवरची सगळी यंत्रं ती घरी बसून सांभाळायची. फॅट मोजणारं यंत्र भलतंच बोलायला लागलं की लोक हेमांगीताईंना फोन करत, आणि ताई पहिली कॉन्फिग बघत. पण स्वतःच्या घरातल्या पेटीला मात्र तिनं आजवर हात लावला नव्हता. ती सांगलीच्या इस्पितळाची पेटी, इस्पितळ बघून घेईल, असं तिला वाटायचं.

फाइलीच्या माथ्यावर एक ओळ होती : 'ही फाइल राखणदार सांभाळतो. हाताने बदल करू नये, केल्यास पुसला जाईल.'

राखणदार म्हणजे इस्पितळानं पेटीत बसवलेला प्रोग्रॅम. फाइल कशी असायला हवी याची एक अस्सल प्रत त्याच्याकडे असते. दर अर्ध्या तासानं तो चालू फाइल त्या प्रतीशी ताडून बघतो, आणि फरक दिसला की आपली प्रत वर चढवतो. दूध संघातही असाच एक होता. त्याच्यामुळे हेमांगीची झोप सुखाची व्हायची.

फाइल आता बरोबर होती. तिनं आईकडे पाहिलं. हात मांडीवर शांत पडलेले.

"आई, आता बरं वाटतंय ना?"

शैलजाबाईंचे ओठ हलले. हेमांगीला खोलीच्या या टोकाला काही ऐकू आलं नाही. तिनं आपली मान डोलावली आणि पुन्हा पडद्यावर बघायला लागली. आणि तिच्या डोळ्यांदेखत फाइल बदलली. आकडे बदलले ते बदललेच, वरची ओळसुद्धा बदलली.

'ही फाइल सुवाचा सांभाळते. हाताने बदल करू नये, केल्यास पुसला जाईल.'

"हा कोण आता नवीन बाजीराव?" हेमांगी पुटपुटली. मागून आई स्पष्ट शब्दांत म्हणाली, "कुणाशी बोलतीयेस गं?" आणि तिचे हात पुन्हा थडथडू लागले.

हेमांगीनं लॉग उघडला. कुठल्या प्रोग्रॅमनं फाइल कधी लिहिली आणि कुणाच्या परवानगीनं, हे तिथं नोंदलेलं असतं. सुवाचा ही बंगळूरच्या एका कंपनीची वाचा-सेवा होती, ज्यांची जीभ अशा तारेमुळे जड झाली आहे त्यांच्यासाठी. त्यांच्या डॉक्टरांनी आईसाठी आपली वेगळी सेटिंग ठरवली होती. तीही सुरक्षित मर्यादेतच. परवानगी देणाऱ्याचं नाव : धैर्यशील म्हेत्रे, मुलगा.

म्हणजे दादा.

हेमांगीच्या डोक्यात सणक गेली. आईला न्हाऊ घालायची कुणी? घास भरवायचा कुणी? पाय चिकटले की "उजवा टाक, आता डावा" म्हणत संडासापर्यंत न्यायचं कुणी? आणि हा तिकडं बंगळूरला बसून रोज दहा वाजता फोन करणार, "आई, मोठ्यानं बोल ना" म्हणणार, आणि ऐकू आलं नाही की हेमांगीला सांगणार, "फोन नीट धर जरा." त्याला आई म्हणजे फक्त फोनमधून येणारा आवाज. मग आवाजच दुरुस्त करून घेणार तो, बाकीची आई पडली तरी चालेल!

खरं तर या सगळ्याचं मूळ खुद्द शैलजाबाईंच्या न्यायात होतं. दोन पोरं एकटीनं वाढवलेली बाई, घरात जे येईल ते निम्मं-निम्मं. खरवस आणला की नियम ठरलेला असे, एकानं कापायचा आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. मग काय बिशाद लहान-मोठा तुकडा पडायची! धैर्यशील पट्टी लावून कापायचा आणि हेमांगी डोळे बारीक करून उचलायची. इस्पितळातून घरी सोडताना पेटी बसवणाऱ्या माणसानं विचारलं, "पेटीची जबाबदारी कुणाच्या नावावर टाकू?" तेव्हाही बाई तेवढंच पुटपुटल्या, "दोघांच्या. एकाचं नाव घातलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल." त्यानं घातली दोघांची नावं, दोघांना सारखाच अधिकार. पण खरवसाचं ठीक आहे. फाइल निम्मी-निम्मी कापता येत नाही, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो हे तेव्हा कुणाला सुचलं नाही.

हेमांगीनं फोन उचलला. दादाला लावावा असं क्षणभर वाटलं, नाही असं नाही. पण लावला तो सांगलीला, पेट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नौशाद काझींना.

"ताई, तुमचीच सेटिंग इस्पितळाची अधिकृत आहे," काझी म्हणाले. "पण भावाची परवानगीही वैध आहे. मी ती सेवा काढू शकत नाही, ती फक्त तेच काढू शकतात. तुम्ही दोघं एकदा बोलून घ्या ना."

"बोलायचं नंतर बघू. राखणदार अर्ध्या तासानं तपासतो ना? तसं नको. फाइलीवर पाळत ठेवायची. कुणी बदलली रे बदलली की लगेच आपली परत चढवायची. हे जमतं, मला माहितीये. आमच्या संघात मीच लावलंय."

काझी थोडे घुटमळले. "जमतं. पण ताई, दर बदलाला सर्व्हिस, म्हणजे हिशेब करणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट होते, बंद पडून पुन्हा उठते. तेवढा वेळ पेटी गप्प असते. क्षणभरच, तरीपण…"

"तुम्ही लावा. नावावर आहे माझ्या."

काझींनी लावलं. तिकडे बंगळूरला धैर्यशीलनंही त्याच सकाळी आपल्या लोकांकडून अगदी हेच करून घेतलं होतं, हे हेमांगीला ठाऊक नव्हतं. त्यालाही आदल्या दिवशी लॉगमध्ये राखणदाराच्या परवानगीपुढं बहिणीचं नाव दिसलं होतं, त्याच्याही डोक्यात सणक गेली होती, आणि त्यानंही बहीण सोडून कंपनीला फोन केला होता. एका आईची दोन लेकरं, दुसरं काय!

सुवाचाची पुढची फेरी दहाच्या सुमाराला होती, आणि तिची नवी पाळत तेव्हाच सुरू होणार होती. दादाचा फोन वाजला तेव्हा आई उपीट खात होती. चमचा तिच्याच हातात, हात स्थिर. हेमांगीनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मनात म्हणाली, ऐक आता किती ऐकू येतंय ते.

"आई? ऐकू येतंय का?"

शैलजाबाईंचे ओठ हलले. मग एकदम आवाज फुटला, "हो रे, आत्ताच उपी—" आणि तिथंच तुटला. चमचा हिंदकळला, सावरला, पुन्हा हिंदकळला. "—ट खात—" पुन्हा शांतता. हात थरथरत वर आला आणि मध्येच एखाद्या पुतळ्यासारखा थांबला, मग पुन्हा थरथरला. शब्द आणि थरथर, शब्द आणि थरथर, कुणीतरी दिव्याचं बटण खालीवर करत बसावं तसं चाललं होतं. आईचे डोळे मात्र एका जागी होते. ते हेमांगीकडे बघत होते, आणि त्यांत भीती होती.

"आई!" हेमांगी उठली.

मग सगळंच थांबलं. उशाशी पेटीवरचा हिरवा दिवा तांबडा झाला. शैलजाबाईंचा हात तोंडाशी गेला होता तिथंच राहिला, मान कडक झाली, घास तोंडातच राहिला.

पडद्यावर एकच ओळ होती : 'फार वेळा, फार लवकर रीस्टार्ट. सर्व्हिस बंद ठेवत आहे.'

हेमांगीला ही ओळ चांगली माहीत होती. लिनक्समध्ये एखादी सर्व्हिस थोड्या वेळात पुन:पुन्हा उठबस करायला लागली, की यंत्रणा समजते यात काहीतरी बिघडलंय, आणि हात टेकते. कुणी माणूस येऊन बघेपर्यंत ती सर्व्हिस पुन्हा सुरूच करत नाही. शहाणपणाचा नियम आहे. दूध संघात या नियमानं कितीदा तिची अब्रू वाचवली होती. पण इथं पेटी गप्प झाली की छातीतलं यंत्र खबरदारी म्हणून प्रवाह जवळजवळ शून्यावर आणायचं. महिनोन्‌महिने त्या प्रवाहावर चालणारं शरीर तो असा अचानक तुटला की दगड होतं. गिळता येत नाही. मग श्वासही जड होतो, अंगात ताप चढतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेटी कधीही एकदम बंद पडू देऊ नका.

तिनं आईची मान पुढं वाकवली, बोट घालून तोंडातला घास काढला. तरी घशात काहीतरी घरघरत होतं. एका हातानं आईची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं तिनं लॅपटॉपवरून काझींना गाठलं.

"दिसतंय मला, ताई," काझींचा आवाज चढला होता. "रुग्णवाहिका सांगितली, विट्यातलीच आहे, पण वेळ लागेल. तुम्ही अडकलेली सर्व्हिस मोकळी करा, चालू करा!"

तिनं केली. दिवा हिरवा झाला. आईची मान एकदा सैल पडली, एकदा झटका बसल्यासारखी वळली, आणि दिवा पुन्हा तांबडा झाला. चालू झाल्याबरोबर दोन्ही रखवालदारांनी फाइलीवर झडप घातली होती. नेट तोडून उपयोग नव्हता, कारण दोघंही पेटीच्या आतच मुक्कामाला होते आणि शेवटचा हुकूम इमानानं पाळत राहणार होते. आणि तो हुकूम तिनंच दिला होता.

"काय चाललंय तिकडं?" टेबलावरून फोन ओरडत होता. "हेमा! आई का बोलत नाही?"

"दादा, तुझी सुवाचा काढ. आत्ता. पेटी बंद पडलीये, आई कडक झालीये, तिला गिळता येत नाहीये."

"म्हणजे काय? काय केलंस तू?"

"दोघांनी केलंय. नंतर भांड. काढ आधी!"

पलीकडून धैर्यशीलचा आवाज आला, रागाचा आणि रडवेला, दोन्ही एकदम. "मी काढली की तुझंच राहणार. मला समजतंय सगळं. हेमा, मी किती दिवस आईचा आवाज ऐकला नव्हता तुला माहितीये? तू म्हणायचीस ती बरी आहे, आणि मला नुसती फोनमधली खरखर ऐकू यायची. सोमवारी ती मला ‘धैर्या’ म्हणाली. तू काढ आधी."

हेमांगीला ओरडायचं होतं. तू आधी, नाही तू आधी, हे भांडण त्या दोघांना जन्मापासून पाठ होतं. पण आईच्या ओठांना निळसर झाक यायला लागली होती. तिची हनुवटी हेमांगीच्या तळहातावर जड पडली होती, आणि डोळे अजून तिच्याकडेच बघत होते.

आपली काढली की सुवाचाचं राज्य. उद्यापासून पुन्हा घास भरवणं, पुन्हा वेणी घालणं, रात्री कूस बदलणं. संध्याकाळी दोघी मिळून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायच्या, तेही गेलं. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं, आणि वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

"काझी," ती म्हणाली, "राखणदार काढा या पेटीवरून. पुरता."

"ताई, मग तुमची सेटिंग परत लागायची नाही. डॉक्टरांची नव्यानं—"

"काढा म्हटलं ना!"

थोडा वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. मग काझी म्हणाले, "काढला." हेमांगीनं सर्व्हिस मोकळी केली, चालू केली, आणि दिव्याकडे बघत बसली. हिरवा. अजून हिरवा. तिनं मनात मोजायचंही धाडस केलं नाही.

आईचा खांदा उतरला. मग एक मोठा ठसका आला, घशात अडकलेलं बाहेर पडलं, आणि शैलजाबाईंनी असा श्वास घेतला की टेबलावरचा कागद हलला. हात मांडीवर पडले आणि थरथरू लागले. आयुष्यात पहिल्यांदा ती थरथर बघून हेमांगीला आनंद झाला. तिनं ते दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"उपीट खारट झालंय," शैलजाबाई स्पष्ट म्हणाल्या.

फोनमधून हुंदका आला. धैर्यशील सावकाश म्हणाला, "हेमा, मीपण काढलीय. तू काझींशी बोलत होतीस ना, तेव्हाच काढली." फाइलीला शेवटचा हात सुवाचाचा लागला होता, म्हणून आवाज राहिला होता एवढंच. आता तिला धनी कुणीच नव्हता.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी आईला तपासलं, छाती ऐकली, आणि पेटीवरून नजर हलवू नका असं सांगून ते गेले. हेमांगी दिवसभर तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धैर्यशील बॅग घेऊन दारात उभा राहिला. हेमांगीनं त्याच्या हातातली बॅग घेतली. तो हातपाय धुऊन आला आणि सरळ लॅपटॉपसमोर तिच्या शेजारी बसला. "हं, कुठून धरायचं?" त्यानं विचारलं.

तोडगा अवघड नव्हता. लिनक्समध्ये त्याची सोय आधीपासूनच असते. मुख्य फाइल एकाची, म्हणजे इस्पितळाची. त्यात प्रवाहाची कमाल मर्यादा वगैरे सगळ्यांना सामाईक ते सारं. तिच्या शेजारी एक फोल्डर, आणि त्यात छोट्या छोट्या फाइली. यंत्र आधी मुख्य फाइल वाचतं, मग फोल्डरमधली छोटी फाइल वाचून तेवढ्यापुरता बदल करतं. कुणी कुणाचं पुसत नाही. हेमांगीनं एका फाइलीत हातांची सेटिंग लिहिली, धैर्यशीलनं दुसरीत आवाजाची. संध्याकाळपर्यंत इस्पितळाच्या आणि सुवाचाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून दोन्हींना मान्यता दिली. एका वेळी एकच लागू होईल अशी सोय काझींनी करून दिली, आणि बदलताना प्रवाह न तोडता हळूहळू वळवायचा, रीस्टार्ट मुळीच नाही, हेही त्यांनीच बसवलं. उरला एकच प्रश्न : कुठली कधी लावायची?

"दिवसा हात, रात्री आवाज?" धैर्यशील म्हणाला.

"रात्री कूस कोण बदलणार, तू?" हेमांगी म्हणाली. मग स्वतःच ओशाळली. "एक दिवस तुझा, एक दिवस माझा?"

"आता मी बोलू का?" पलंगावरून आवाज आला.

दोघंही दचकले. आवाजाची सेटिंग कालपासून चालूच होती, आणि दोन दिवसांत आईला कुणी काही विचारलं नव्हतं. दोन दिवस कशाला, तार बसवल्यापासून विचारलं नव्हतं.

"ते बटण की काय ते माझ्या हातात द्या," शैलजाबाई म्हणाल्या. धैर्यशीलनं जुन्या रेडिओला असते तशी गोल कळ पेटीला जोडली होती. डावीकडे हात, उजवीकडे आवाज. त्यानं ती उचलून आईच्या मांडीवर ठेवली. "खरवसाचा नियम आठवतोय का? कापलंत तुम्ही दोघांनी. म्हणजे आधी उचलणार मी."

दोघंही लॅपटॉप सोडून तिच्याकडे वळले.

"सगळा जन्म फलाटावर ओरडले. सगळ्या गावानं ऐकलं. काय ऐकलं? गाडी कुठली आणि फलाट कुठला. तेवढं ऐकलं की पिशवी उचलून पळाले. बाईला काय म्हणायचंय ते थांबून कुणी ऐकलं नाही. धैर्या, तू रोज फोन करतोस. ‘आई, मोठ्यानं बोल.’ मोठ्यानं बोलले की तू म्हणणार, ‘छान, ठेवतो.’" त्यांनी थरथरता हात कळीवर ठेवला. "आता मी हळू बोलणार. फोनमध्ये नाही यायचं ते. ज्याला ऐकायचंय त्यानं जवळ यावं."

"आई, पण मग तुझा आवाज…" धैर्यशील म्हणाला.

"कुठं जातोय तो? इथंच असणार. तूच लांब असतोस."

आणि त्यांनी कळ डावीकडे फिरवली. थरथर हळूहळू विरत गेली, आणि हात मांडीवर आपले आपण निवांत झाले. त्यांनी शेजारच्या बशीतला खरवस पुढं ओढला. हेमांगीनं सकाळी संघातून मागवला होता, दादा येणार म्हणून. शैलजाबाईंनी सुरी घेतली आणि एका हातानं बशी धरून सरळ रेषेत कापला. दोन तुकडे नाही, तीन. मोठा आपल्या पुढ्यात ठेवला.

मग त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालीस?" धैर्यशील पुढं वाकला. काही कळलं नाही, तेव्हा खुर्ची ओढून पलंगाला टेकवली आणि कान आईच्या तोंडापाशी नेला. आई बराच वेळ बोलत होती. तो मध्ये मध्ये "हो" म्हणत होता, एकदा हसला, एकदा त्यानं डोळे पुसले.

हेमांगी टेबलापाशी उभी राहून बघत होती. तिचं मन भरून आलं होतं. शेवटी जिंकलो आपण, असंही तिला वाटून गेलं, आणि वाटल्याची लाज वाटली. एवढ्यात आईनं मान वळवली. तिच्याकडे बघून ओठ हलवले.

हेमांगीनं सवयीनं मान डोलावली.

आईनं बोटानं खूण केली. इकडं ये. हेमांगी गेली, वाकली, कान जवळ नेला. आईच्या श्वासाला खरवसातल्या वेलचीचा वास येत होता, आणि त्या श्वासातूनच बारीक, पण अगदी स्पष्ट शब्द आले.

"तुलाही सांगतीये हेमे. तू घरात असतीस. पण जवळ कुठं येतीस?"

हेमांगीनं लॅपटॉप मिटला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला स्टूल सरकवलं आणि बसली.

"बोल," ती म्हणाली.